साथीत कोण थांबलं

शामराव सरांचा शब्द मोडायचा नाही, हे उज्ज्वलला कुणी शिकवलं नव्हतं. यवतमाळला आयटीआय करून तो आसपासच्या गावांत वायरिंगची कामं करत फिरायचा. सरांनी कुणाकडून तरी त्याचं नाव ऐकलं, बायोडाटा मागवला आणि त्याला बहारीनला आणलं. अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत सर अ‍ॅडमिन मॅनेजर होते. व्हिसा, राहायची जागा, रजा, सगळे कागद त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे. त्यांनी महाराष्ट्रातली अशी कितीतरी बौद्ध पोरं आणली होती आणि त्याबद्दल एकाचाही साधा चहा घेतला नव्हता.

रिफाला सरांचा व्हिला होता. शुक्रवारी तिथे बौद्ध मंडळ जमायचं. आधी वंदना, मग सरांच्या पत्नी इंदुबाई यांच्या हातचं जेवण आणि शेवटी सरांचं व्याख्यान. उज्ज्वलला जेवणाइतकंच व्याख्यान आवडायचं. अस्करच्या उन्हात आठवडाभर केबल ओढून आलेल्या माणसाला, आपण नुसते हातपाय नाही आहोत, एवढं तरी त्या दिवाणखान्यात बसल्यावर वाटायचं.

दोन हजार वीस साली बुद्धपौर्णिमा रमजानात आली. साथ सुरू झालेली होती आणि पाचापेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायला सरकारने मनाई केली होती. तरीही सरांनी सगळ्यांना बोलावलं. "इफ्तारच्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा एकेक गाडी करून या," असा निरोप आला. पंचवीसएक माणसं आली. पडदे ओढून घेतले होते. वंदना हळू आवाजात झाली.

श्रावस्ती नावाच्या दहावीतल्या मुलीने मागच्या बैठकीत सरांना विचारलं होतं, "अंकल, व्हाय आर वी स्टिल सो फ्यू?" त्या दिवशीचं व्याख्यान त्या प्रश्नावर होतं. सर म्हणाले, आपलं सोडा, आधी दुसऱ्यांचं बघू. रोमच्या साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा पसरला आणि कसा टिकला?

"कोण होते ते?" सर म्हणाले. "गुलाम, विधवा, विणकर, तंबू शिवणारे. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला नाही म्हणायचे म्हणून लोक त्यांना देवबुडवे म्हणत. त्यांच्याकडे ना देऊळ, ना सैन्य, ना जमीन."

"पण सर, पुढे सम्राटच ख्रिस्ती झाला ना?" प्रबुद्ध म्हणाला. प्रबुद्ध हा उज्ज्वलचा खोलीतला सोबती, भुसावळचा, त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. "राजा झाला म्हणून प्रजा झाली."

"सम्राट फार उशिरा आला. तोवर त्यांच्या आठ-दहा पिढ्या होऊन गेल्या होत्या. त्या पिढ्या कशावर जगल्या ते सांग." सर थांबले. त्यांना थांबता छान यायचं. "साथ आली, प्रबुद्ध. आजच्यासारखीच. वैद्य आपापल्या बागांमध्ये पळाले. घरच्या लोकांनी आजाऱ्यांना जीव असतानाच रस्त्यावर नेऊन टाकलं. ही माणसं मात्र थांबली. औषध त्यांच्याकडेही नव्हतं. पण तापातल्या माणसाला नुसतं पाणी आणि पेज मिळाली, कुणी कूस बदलून दिली, तरी पुष्कळ जण वाचतात. वाचलेला माणूस डोळे उघडतो तेव्हा घरचे गायब असतात आणि उशाशी परका बसलेला असतो. मग तो कुणाचा होईल?"

इंदुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि जे उशाशी बसले, त्यांचं काय झालं?"

"त्यातले बरेच मेले," सर म्हणाले.

"त्यांची नावं?"

"नावं कोण ठेवतं?" सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्याच संध्याकाळी मंडळाचं सेवापथक स्थापन झालं. अस्करच्या बाजूच्या लेबर कॅम्पांमध्ये माणसं अडकून पडली होती. त्यांना तांदूळ, डाळ, तापाच्या गोळ्या पोचवायच्या. पहिला हात उज्ज्वलने वर केला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणीतरी फोटो काढला.

आठवडाभर तो शिफ्ट संपवून कॅम्पांमध्ये जात होता. एका खोलीत दहा-दहा माणसं, दोन मजली लोखंडी पलंग, खोकण्याचे आवाज. पिशवी दारात ठेवून निघायचं असं ठरलेलं होतं, पण एकदा एका म्हाताऱ्या बिहारी वेल्डरला उठता येत नव्हतं, तेव्हा उज्ज्वलने त्याला धरून बसवलं आणि पाणी पाजलं. त्यानंतर काही दिवसांनी त्याचं अंग मोडून आलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला वास येईना.

शहरातल्या नईम भागात एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ते चौघे राहत होते. प्रबुद्धने दारातूनच त्याच्याकडे पाहिलं आणि सरांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे उज्ज्वलला सगळं ऐकू आलं.

"टेस्ट करायची नाही," सर म्हणाले.

"सर, त्याचा ताप उतरत नाही."

"टेस्ट केली की पहिला प्रश्न काय विचारतात? कुठे कुठे गेला होतास. तो काय सांगणार? रिफाला, माझ्या घरी, पंचवीस माणसांत. तुला कळतंय का? लहान मुलं होती त्यात. मी आतमध्ये जाईन. तुम्हा चौघांना कंपनी त्याच दिवशी काढेल, आता तर ती निमित्तच शोधते आहे. मंडळ संपेल. एवढ्या वर्षांचं काम."

"मग काय करू?"

"वर गच्चीवर एक खोली आहे ना? वॉचमनची?"

"पत्र्याची आहे, सर. आता तिथे कोणी राहत नाही. एसी नाही."

"पंखा लावा. तरुण आहे, आठ दिवसांत उठेल. आणि कडी बाहेरून लावा. तापात उठून खाली आला, कुणी पाहिलं, तर सगळंच गेलं." मग आवाज मऊ झाला. "उज्ज्वल ऐकतोय का? उज्ज्वल, बेटा, थोडे दिवस. तू मंडळासाठी करतो आहेस हे."

"हो सर," उज्ज्वल म्हणाला. त्याला ते खरंच तसं वाटलं होतं.

भर दुपारी, सगळी इमारत रोजाच्या झोपेत असताना, प्रबुद्धने त्याला वर नेलं. गादी, टेबलफॅन, पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांची पट्टी. पत्रा इतका तापला होता की खोलीत शिरल्यावर श्वास घशातच अडकला. प्रबुद्ध तोंडाला रुमाल बांधून उभा होता. "उज्ज्या, मी सकाळ-संध्याकाळ येतो रे," तो म्हणाला. मग कडीचा आवाज आला.

सुरुवातीला तो खरंच येत राहिला. दार अर्धवट उघडायचा, डबा पायाने आत सरकवायचा आणि श्वास रोखून धरायचा, ते उज्ज्वलला दिसायचं. मग खाली त्यांच्या खोलीतल्या आणखी एकाला खोकला सुरू झाला आणि सर घाबरले. त्यांनी उरलेल्या तिघांना अस्करजवळच्या कंपनीच्या रिकाम्या खोल्यांमध्ये हलवलं. जाताना कडी कुणी काढायची आणि डबा कुणी द्यायचा, याबद्दल कुणी काहीच बोललं नाही. प्रबुद्धला वाटलं, सर कुणाला तरी पाठवतील. सरांना वाटलं, प्रबुद्धने सोय केली असेल. निदान पुढे दोघांनीही एकमेकांना असंच सांगितलं.

उज्ज्वलचा फोन बंद पडला. प्लगमध्ये पंख्याची पिन होती आणि ती काढून चार्जर लावायला उठावं इतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. पाणी संपलं. त्याने एकदा दार वाजवलं. दुपारी खाली मशिदीतली अजान ऐकू आली आणि त्याला वाटलं, संध्याकाळ झाली, आता प्रबुद्ध येईल. कुणी आलं नाही. नंतर तो गादीवरून फरशीवर सरकला, कारण फरशी थोडी कमी गरम होती. तिथेच त्याला लघवी झाली आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

दुसऱ्या मजल्यावर जमालुद्दीन आणि अकीला राहत. रत्नागिरी जिल्ह्यातले, खेडकडचे. जमालुद्दीनचं तळमजल्यावर छोटं कोल्ड स्टोअर होतं, म्हणजे दूध, पाव, सिगारेट, फोनचं रिचार्ज मिळणारं दुकान. मुलगा झुबेर गावी लग्नाला गेला होता आणि विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला होता. अकीला गच्चीवर कपडे वाळत घालायला आली तेव्हा तिला पत्र्यामागे काहीतरी घासल्याचा आवाज आला. तिला आधी मांजर वाटलं. मग खोकला ऐकू आला.

"अल्ला! कोण हाय आत?"

तिने कडी काढली. आतल्या वासाने ती एक पाऊल मागे गेली, ओढणी तोंडावर धरली आणि आत शिरली.

"कडी कोणी लावलान रे बाला? कोणी कोंडलान तुला?"

उज्ज्वलला तिचं बोलणं समजलं, पण ओठ हलेनात. ती खाली गेली आणि पाणी घेऊन आली. चमच्याने. घटाघट द्यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. मग फडक्याने त्याचं अंग पुसलं. त्याची पँट बदलताना तिने मान वळवली, पण हात थांबला नाही. तिचा रोजा होता. समोर पाण्याचं भांडं आणि कोरडे पडलेले तिचे स्वतःचे ओठ, हे उज्ज्वलला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

जमालुद्दीन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो पुढे आला नाही.

"अकीला, भायेर ये. तुला शुगर हाय. डाक्टरनं काय सांगितलान?"

"मानूस मरतंय इथं."

"तेची मानसा कुठं गेली? आपन कशाला?"

"गेली ती गेली. तुमी पेज टाका. मीठ घाला जरा."

जमालुद्दीनने पेज केली. जिन्यावर आणून ठेवली आणि परत गेला. दिवसातून दोनदा तो असं करत राहिला, भांडं ठेवायचं, दोन पायऱ्या खाली उतरायचं आणि म्हणायचं, "आता पुरे कर. फोन करूया." अकीलाने उज्ज्वलला विचारलं तर तो रडकुंडीला आला.

"नको चाची. फोन नको. माझ्यापायी सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. सर अडकतील."

"ज्यानं तुला कोंडलान, तो सर?"

"त्यांचा नाइलाज होता."

अकीलाने ओलं फडकं त्याच्या कपाळावर ठेवलं. "तुमच्या धर्मात असा सांगतात काय?" तिने विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उज्ज्वलला त्या तापातही ते लागलं.

"आमच्या धर्मात तसं नाही," तो म्हणाला.

मग त्याचा श्वास लागला. ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा अकीलाने त्याचं ऐकायचं सोडलं. जमालुद्दीनने फोन केला. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि त्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. इस्पितळात एका नर्सने विचारलं, पंधरा दिवसांत कुठे कुठे गेला होतास? कारखाना, खोली, लेबर कॅम्प, उज्ज्वलने सांगितलं. रिफाचं नाव त्याने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा घेतलं नाही.

तो वाचला. ईद होऊन गेली होती. डिस्चार्ज मिळाल्यावर तो नईमला आला तेव्हा कोल्ड स्टोअरचं शटर खाली होतं. शेजारच्या केरळी न्हाव्याने सांगितलं, "वो आंटी गया. परसों." पहिल्यांदा उज्ज्वलला वाटलं, गावी गेली. विमानं तर बंद होती. मग त्याला कळलं.

अकीला नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती. शेवटी जमालुद्दीनला तिला बघू दिलं नाही. दफनाला मोजकी चार माणसं होती, त्यातली दोन सरकारी. झुबेरने खेडहून फोनवर पाहिलं. मध्येच रेंज गेली.

उज्ज्वल वर गेला. जमालुद्दीनने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि दार बंद केलं.

सेवापथकाची गोष्ट त्याच उन्हाळ्यात मोठी होत गेली. शामराव सरांनी ती फोनवर सांगितली, मग ऑनलाइन बैठकीत सांगितली. मंडळाचा एक तरुण कॅम्पमध्ये सेवा करता करता आजारी पडला, मंडळाने त्याला वेगळं ठेवून त्याची शुश्रूषा केली, वेळेवर दवाखान्यात पोचवलं आणि एकही माणूस दगावला नाही. तो उज्ज्वलचा फोटो, खांद्यावर हात ठेवलेला, सगळीकडे फिरला. पुण्याहून, नागपूरहून लोकांनी कौतुक कळवलं. बंधनं उठल्यावर रिफाला पहिली बैठक झाली तेव्हा दिवाणखाना पुरला नाही. बाहेर अंगणात सतरंज्या घालाव्या लागल्या. जी माणसं आधी शुक्रवारी मॉलमध्ये जायची, ती आता पोरांना घेऊन आली होती. एकटं पडण्याची भीती सगळ्यांनीच चाखली होती आणि इथे आपल्याला कुणी सोडणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

उज्ज्वल आला आणि मागे दाराशी बसला. सरांनी गोष्ट सांगितली. लोकांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं, काहींनी हात जोडले. तो उभा राहिला.

"सर, मला काही बोलायचं आहे."

"ये ना, पुढे ये," सर हसून म्हणाले.

तो पुढे गेला नाही. जागेवरूनच सांगितलं. पत्र्याची खोली, बाहेरची कडी, न आलेला डबा, संपलेलं पाणी. दुसऱ्या मजल्यावरची बाई. तिचं नाव अकीला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने कुणाला शिवीही दिली नाही.

सरांचा चेहरा बदलला नाही. "उज्ज्वल, तुला फार ताप होता," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतात, अशा तापात माणसाला भास होतात. प्रबुद्ध तुझ्याबरोबर होता. प्रबुद्ध, तू सांग. कडी लावली होती का रे?"

प्रबुद्ध पहिल्या रांगेत बसला होता. त्या महिन्यात त्याचा व्हिसा नवा व्हायचा होता. बायको आणि सहा महिन्यांची मुलगी भुसावळहून येणार होत्या. तो उठला. उज्ज्वलकडे न बघता म्हणाला, "दार लोटलेलं होतं. कडी नव्हती."

"तू रोज डबा देत होतास?"

"हो सर. रोज."

"मग मी पाठवलेला डबा कुठे गेला?"

हे इंदुबाई बोलल्या होत्या. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, हात पदराला पुसत. "मी रोज त्याच्यासाठी वेगळी खिचडी करून तुमच्या गाडीत ठेवत होते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मऊ. तूप घालून. ती कुणी खाल्ली? याने तर नाही खाल्ली. हा उपाशी होता म्हणतो."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग नव्याने आलेल्यांपैकी एक इंजिनिअर उठला आणि दोन्ही हात पुढे करत म्हणाला, "हे बघा, झालं ते झालं. हे सगळं इथे, मुलांसमोर, आवश्यक होतं का? आपण एक होतोय तर तोडायचं कशाला?" त्याला दोघा-तिघांनी दुजोरा दिला. मागून कुणीतरी म्हणालं, "त्या मुसलमानांनी भरवलंय याला." एवढं पुरलं. सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गलक्यात कडी, पाणी, खिचडी कुठल्या कुठे गेली. इंदुबाई आत निघून गेल्या. थोड्या वेळाने सरांनी हात वर केला आणि सगळे शांत होऊन वंदनेला बसले. उज्ज्वल बाहेर पडला तेव्हा आतून एकसुरात त्रिशरण ऐकू येत होतं. शब्द त्याचेच होते, लहानपणापासूनचे. त्याने चप्पल घातली.

त्यानंतर प्रबुद्ध दोनदा त्याला कारखान्याच्या गेटवर भेटायला आला. "मला माफ कर, उज्ज्या. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर होता रे." उज्ज्वल बसमध्ये चढला. दुसऱ्या वेळी तर तो थांबलासुद्धा नाही.

त्याच्या मनात एकच गोष्ट बसली होती. ती घेऊन तो थंडीच्या सुरुवातीला जमालुद्दीनच्या दुकानात गेला. शटर पुन्हा उघडलेलं होतं. जमालुद्दीन दाढी न रंगवता, पांढरीच ठेवून गल्ल्यामागे बसला होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"चाचा, मला तुमच्यात घ्या," उज्ज्वल म्हणाला. "मी कलमा पढतो."

जमालुद्दीनने मान वर केली. "कशाला?"

"माझी माणसं मला टाकून गेली. चाची आली. त्यामुळे मला..."

"तुला वाटला, आमचा धर्म चांगला म्हनून ती आली?" जमालुद्दीनचा आवाज खाली होता. "मी पाच वखत नमाज पढतो. तीस वर्सा झाली. मी आलो काय वर? मी जिन्यात उभा ऱ्हायलो. मी तिला सांगितला, मरू दे त्याला, तू खाली ये. असा सांगितला मी, तुला आयकू आला नसेल. आनि या इमारतीत आमची किती घरां हायत? सगळ्यांना खोकला आयकू येत व्हता. कोन आला?"

जमालुद्दीनने गल्ल्याचा खण लोटून बंद केला.

"ती तशीच व्हती. गावातपन तशीच व्हती, शेजारची म्हैस आडली तरी जायची. ती एक व्हती, ती गेली. आता तू येनार, माझ्या शेजारी नमाजाच्या सफीत उभा ऱ्हानार, आनि मी रोज तुझा तोंड बघनार. बघून काय म्हनू? हा वाचला म्हनून शुकर करू?" त्याने तोंड फिरवलं. "तुला बघितला की माझ्या मनात येतं, दोन दिवस आधी मेला असता तर बरा झाला असता. अल्ला माफ करो. पन येतं मनात. जा तू."

"चाचा..."

"खलास. जा."

उज्ज्वल रस्त्यावर आला. समोरच्या उपाहारगृहात बायका-पोरं जेवत होती, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. सरांचं व्याख्यान त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की सरांनी ते खोटं सांगितलं नसेल. रोममध्येही कुणीतरी पाणी दिलंच असेल. पण कुणी दिलं, आणि पुढे जमलेल्या गर्दीला ते कुणी सांगितलं? पाणी देणारी बाई तर मेली. सांगायला जो उरला, त्याच्यामागे माणसं जमली. माणसं जमली तेव्हा त्यांना एका गोष्टीची गरज होती, आणि ती खरी असो नसो, त्या गोष्टीच्या आधाराने ती एकमेकांना धरून राहिली असतील. पुढच्या साथीत त्यातल्या काहींनी खरोखर पाणी दिलंही असेल. त्याला हे कुणाशी तरी बोलायचं होतं. बोलायला तो एका माणसाकडे जायचा, आणि तो माणूस शामराव सर होता.

पुढच्या वर्षी सर निवृत्त होऊन औरंगाबादला गेले. निरोपाच्या समारंभाला दोनशे माणसं होती. इंदुबाई त्या आधीच एकट्या निघून गेल्या होत्या. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी, असं सांगण्यात आलं. आता मंडळ प्रबुद्ध चालवतो. चांगलं चालवतो. कुणाच्या घरी मयत झाली तर मृतदेह भारतात पाठवायची सगळी धावपळ तो स्वतः करतो, कॅम्पमध्ये कुणी आजारी असेल तर मास्क न लावता आत जातो. नवी पोरं त्याला फार मानतात. पौर्णिमेच्या व्याख्यानात तो अजून साथीची गोष्ट सांगतो. तिच्यात आता एक बाई आली आहे, गच्चीवर पाणी घेऊन जाणारी. मंडळाची एक भगिनी, असं तो म्हणतो. श्रावस्ती कॉलेजातून सुट्टीवर आली होती, तिने हे उज्ज्वलला सांगितलं. "इज दॅट ट्रू, दादा?" तिने विचारलं. उज्ज्वलने तिला चहा दिला आणि तिच्या अभ्यासाची चौकशी केली.

जमालुद्दीनने दुकान विकलं आणि तो झुबेरकडे खेडला गेला. जाण्याआधी उज्ज्वलने त्याला एकदाच, न्हाव्याच्या मार्फत, विचारून पाहिलं होतं की चाचीची कबर कुठली. उत्तर आलं नाही.

मागच्या मार्चमध्ये एका सुट्टीच्या दुपारी उज्ज्वल कबरस्तानात गेला. फाटकावरच्या बांगलादेशी माणसाने त्याला अडवलं.

"किसका कबर?"

"अकीला. अकीला जमालुद्दीन. इंडिया का. कोरोना में."

"तुम कौन लगता है उसका?"

उज्ज्वलला काय सांगावं ते सुचलं नाही. त्या माणसाने कंटाळून हात लांब केला. कोपऱ्याकडे, भिंतीलगत, मातीचे सारखे उंचवटे होते. प्रत्येकाच्या डोक्याशी एक साधा दगड. दगडांवर काही लिहिलेलं नव्हतं.

"वो पूरा लाइन कोरोना का है," तो म्हणाला. "नाम इधर नहीं लिखता."

उज्ज्वल त्या रांगेच्या एका टोकाला उभा राहिला. वारा खारट होता आणि धूळ डोळ्यांत जात होती. हात जोडावेत, दुवा मागावी की वंदना म्हणावी, हे त्याला ठरवता येईना. यापैकी काहीच त्याने केलं नाही. मग फाटकावरचा माणूस ओरडला, यल्ला, चला, बंद करायची वेळ झाली, आणि तो बाहेर आला.